घोंगड्याखालची पाटी

४ फेब्रुवारी, सांगली
शौनकसरांना इतिहास हवाय. खाली त्यांचं घोंगड्यांचं दुकान, वर नवं दालन, भिंतीवर सहा फुटी इतिहास. ‘तू टेक्स्टाइल इंजिनिअर. तू लिहिलंस की लोक विश्वास ठेवतील.’ म्हणजे खोटं त्यांचं, पदवी माझी.

५ फेब्रुवारी
काचेतल्या घोंगड्याखाली पाटी – ‘संस्थापक हरी यांनी स्वतः विणलेले, १९७८.’ हरी म्हणजे सरांचे आजोबा. मूळचे हळदीचे व्यापारी. प्रत्येक फोटोत कडक इस्त्री. घोंगड्याचा माग खड्ड्यात पाय सोडून चालवतात. चिंचोक्याची खळ कोपरापर्यंत चिकटते. विचारलं, आजोबांचा माग कुठे होता? ‘अगं, भावना समज.’
भावनेत इंचाला किती धागे बसतात, तेही विचारलं.

९ फेब्रुवारी, दहिवडी
हरी घोंगड्यांचा माल माण तालुक्यातून उचलत. इथले नावाजलेले विणकर अर्जुना शेरडं घेऊन रानात गेले होते. घरी त्यांच्या पत्नी, बयाबाई, सत्तरीच्या पुढच्या. मोबाइलवर काचेतल्या घोंगड्याचा फोटो दाखवला. लगेच म्हणाल्या, ‘काठाला दर वितीवर दुहेरी धागा. ह्यो माजा हात हाय.’
‘तुम्ही विणलंत?’
‘आमचं मालक तवा मुंबईला. मग कोण इननार, तू?’
त्यांची वीत मोजली. साडेसात इंच.

१० फेब्रुवारी
सरांना काच उघडायला लावली. दुहेरी धागा, दर साडेसात इंचांवर. सरांनी दोन मिनिटं स्वतः पट्टी लावून पाहिली. मग – ‘बाई विणकर! हे तर जास्त चालेल.’ आजोबा तिथल्या तिथे पाटीवरून उतरले. भावनेचं आयुष्य दोन मिनिटं.

२ मार्च
उद्घाटन. माणहून जीप भरून माणसं आली. सरपंचांच्या मुलाने, शिवतेजने, पाटी मोठ्याने वाचली – ‘विणकर : बयाबाई.’ मग अर्जुनांकडे वळून, ‘आवं आजोबा, बाईमाणसानं मागावर बसू नये म्हणून तुमीच पोरींना हाकलत हुता की!’ सगळे हसले. अर्जुनांच्या हातातला पेढा तसाच राहिला. बयाबाई जमिनीकडे बघत होत्या.
मी म्हटलं, मोजमाप अचूक आहे. कुणी विचारलं नव्हतं.

५ मार्च
बयाबाईंचा फोन. ‘तीन दिस मालक जेवलं न्हाईत. पारावर जात न्हाईत. त्यांना इनता येतच न्हाई, बाई. मुंबईहून आले तवाबी मीच इनायची, दार लावून. नाव त्यांचं. चाळीस वर्सं गावानं मान दिला, मी देऊ दिला. ती पाटी बदल.’
‘पण ते खोटं होईल.’
‘हूं दे की. घर माजं हाय.’

६ मार्च
नवी पाटी – ‘विणकर : अर्जुना.’ मजकूर माझा. चार स्क्रू. चारही मीच आवळले.