राजाचं कोठार आणि सासूबाईंची साक्ष

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा दोन्ही हात जोडून नमस्कार (एका हातात सुई आहे, तेवढं सांभाळून घे). तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम दोनदा चढतेस, म्हणून काही सांगत नाही. इकडे सगळे मजेत. मी तर इतका मजेत आहे की सकाळी एका गिऱ्हाइकाच्या पँटचे दोन्ही खिसे उजव्याच बाजूला लावले. कारण ऐक. तुझी भाची पास झाली!

गेल्या वर्षी तू इथेच बसून म्हणाली होतीस, की शिंप्याने कपडे शिवावेत, पोरी शिकवू नयेत. तीस वर्षं हेडमास्तरीणबाई होतीस, तेव्हा म्हणणारच. पण शाळेत दोन वर्षं पोरीने तोंड उघडलं नव्हतं गं. कोणी काही विचारलं की बाकाखाली बघायची. घरी शिकवायला परवानगी मिळाली ती एका अटीवर. वर्षाने परीक्षक बाई येणार, पोर बोलली तर ठीक, नाहीतर पुन्हा तोच वर्ग, तोच बाक. गणित आणि भाषा बायकोने घेतली (दवाखान्यात दिवसभर गोळ्या मोजते, तिचं चुकत नाही). इतिहास माझ्याकडे आला, कारण घरात माझा आवाज मोठा.

आता पुस्तकातल्या इतिहासाने झोप लागते, हा प्रयोग मी लहानपणीच स्वतःवर केलेला. म्हणून ठरवलं, दर रविवारी सहकुटुंब बाहेर पडायचं आणि इतिहास जागेवर जाऊन शिकवायचा. पहिला रविवार गावाबाहेरच्या पडक्या किल्ल्याचा. नकाशा मी कापायच्या टेबलावर पसरून अगदी घोकला होता. पण आम्ही कापड आखतो ते उलट्या बाजूने, त्यामुळे डावं ते उजवं धरायची वीस वर्षांची सवय. नकाशाही डोक्यात तसाच बसला (हे मला नंतर कळलं, आणि सगळ्यांदेखत कळलं). दरवाजातून सगळ्यांना घेऊन मी ऐटीत डावीकडे वळलो आणि राजाच्या धान्याच्या कोठारासमोर उभा राहिलो. तासभर बोललो. सहा महिन्यांचा वेढा, उपाशी सैन्य, शेवटची मूठभर ज्वारी. बायकोने डोळे पुसले (धूळ गेली होती म्हणे). शेवटी भिंतीला टेकलो, तर पाठीखाली कसलंसं लोखंडी चाक फिरलं आणि मी नखशिखान्त भिजलो.

सासूबाई इतका वेळ डबा मांडीवर घेऊन गप्प बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, हे पाणीखात्याचं पंपघर. मी लग्न होऊन आले त्याच्या दुसऱ्या वर्षी बांधलं. ह्यांनीच रंग दिला होता." मी कसला ऐकतोय! केसांतून पाणी गळत असतानाही म्हटलं, वयामुळे आठवण दगा देते. आणि तेवढ्यात ताई, आमची मुकी बाहुली बोलली. "कशावरून?" आधी मला विचारलं, मग आजीला. मग माझ्या गळ्यातली टेप ओढून घेतली, पंपघराच्या विटा मोजल्या, धावत जाऊन तटाच्या विटा मोजल्या, आणि चक्क एका परक्या माणसाला, म्हणजे चौकीदाराला, हाताला धरून आणलं. त्याने कुलूप उघडलं. आत पंप. चालू.

त्यानंतरचा एकही रविवार फुकट गेला नाही. मी छाती काढून सांगायचं आणि पोरीने टेप घेऊन निघायचं. फाशीचा म्हणून मी दाखवलेला दगड धोब्याचा निघाला, तेव्हा तर धोबी स्वतःच हजर होता.

काल परीक्षक बाई आल्या. इतिहासात काय शिकलीस, एवढंच त्यांनी विचारलं. पोरीने वही उघडली आणि पाऊण तास बोलत होती! विषय होता, बाबांच्या निवडक अकरा चुका आणि त्या कशा पकडल्या. विटांची मापं, आजीची साक्ष, चौकीदाराचं म्हणणं, कोणावर किती विश्वास ठेवायचा आणि का, सगळं. बाई पोट धरून हसत होत्या, चहा निवून गेला. मी मशीनमागे उभा. माझी अब्रू टाक्याटाक्याने उसवत होती आणि मी आनंदाने ढसाढसा रडत होतो.

तेव्हा ताई, शिंप्याने शिकवून दाखवलं! हार मान्य असल्याचं मोठ्या अक्षरात कळव. भावजींना नमस्कार.

तुझा विजयी,
धाकटा

ता.क. बाईंनी आणखी एक वर्षाची परवानगी दिली आहे. खाली एक ओळ लिहिली आहे, ती लपवण्यात अर्थ नाही: 'इतिहासाला जाणतं माणूस नेमावं.' असं माणूस मला एकच माहीत आहे. खालची खोली झाडून ठेवली आहे. कधी येतेस?

ता.क. दुसरा. आत्या, हे मी लिहितेय. बाबा दार लावायला गेलेत. तू नक्की ये. पण रविवारी सांगायचं काम बाबांकडेच राहू दे. तू सगळं बरोबरच सांगशील, मग मी शोधू काय?