मेजर, भोंगा आणि सरकारमान्य भांग

३ फेब्रुवारी १९७५
आजपासून कडक धोरण. कंपनीचा भोंगा झाला की आमचा मेजर (कुत्रा, जात संमिश्र) गळा काढतो. कॉलनीच्या कमिटीची नोटीस आली: महिनाअखेर बंदोबस्त करा, नाहीतर कुत्रा बाहेर. तिसऱ्या शिफ्टवाल्यांची झोपमोड होते म्हणे. बायको, शालन, जेवली नाही. शालनला प्लॅनिंग समजत नाही. मी क्वालिटी कंट्रोलमध्ये आहे.

५ फेब्रुवारी
आमच्या लाइनवरच्या ज्योतीरामचे चऱ्होलीला शर्यतीचे बैल आहेत. बुजऱ्या बैलाला तो गुळातून चिमूटभर भांग देतो. बैल निवांत व्हतो, म्हणाला. कुत्र्याचं आपल्याला ठाव न्हाई, असंही म्हणाला. ते महत्त्वाचं वाटलं नाही.

६ फेब्रुवारी
जनावरांचा दवाखाना. डॉ. उद्धवरावांना भांगेबद्दल विचारलं. एका मित्रासाठी म्हणून. ते म्हणाले, कुत्र्याला भांग म्हणजे विष, बैलाचा हिशेब त्याला लावू नका. मित्राला सांगा, भोंग्याच्या वेळी जवळ बसायचं, पाठीवर हात ठेवायचा, भाकरीचा तुकडा द्यायचा. भीती हळूहळू जाते. एवढं शिकून उपाय काय, तर हात ठेवा! त्यासाठी मला रजा कोण देणार?

८ फेब्रुवारी
भांग आणली. दुकानावर सरकारी लायसनची पाटी आहे, म्हणजे औषध सरकारमान्य. बैलाच्या डोसला कुत्र्याच्या वजनाप्रमाणे भागलं. उत्तर फारच बारीक आलं, तराजूत दिसेना. राउंड फिगर धरली.

९ फेब्रुवारी, सकाळ
पहिल्या शिफ्टचा भोंगा झाला. मेजर ढिम्म. यश! मशीनला शिफ्टमागे तेल, तसा याला शिफ्टमागे डोस. शालनला व्हिटॅमिन म्हणून सांगितलं.

संध्याकाळ
दुसरा डोस दिला. मेजर उभ्या जागी झुलतोय. मागचे पाय दुसऱ्या खात्याचे असल्यासारखे वागतात. बसल्या जागी लघवी. मी हात उचलला तरी दचकतो. सुरुवातीला एवढं होणारच.

१० फेब्रुवारी
मेजर गार पडला. डोळे उघडे, पण हाकेला बघेना. रिक्षात माझा स्वेटर काढून त्याच्यावर घातला. थंडी होती.

डॉक्टरांनी काय खाल्लं विचारलं. शिळी भाकरी असेल, म्हणालो. ते म्हणाले, "मी पोलीस नाही. तुम्ही जेवढं लपवाल तेवढा याचा वेळ जातोय." शालनने पदराखालून पुडी काढून टेबलावर ठेवली. तिला कधी कळलं, विचारायचं राहिलं.

सलाईन लावली, गोणपाटात गुंडाळला. निघताना डॉक्टरांनी मित्राची चौकशी केली. बरा आहे म्हणालो.

१२ फेब्रुवारी
मेजर वाचला. वेळेवर नेण्याचा निर्णय माझा होता.

२८ फेब्रुवारी
भोंग्याआधी शालन मेजरजवळ जाऊन बसते, पाठीवर हात ठेवते. तो नुसता कण्हतो. कमिटीने नोटीस मागे घेतली. कुणीतरी पुढाकार घ्यावा लागतो.

४ मार्च, संध्याकाळ
आता भोंग्याला मेजर ब्रही काढत नाही. फक्त शिफ्ट सुटून मी दारात आलो की रडतो, थेट चौथ्या बिल्डिंगला ऐकू जाईल असा. कमिटीचे लोक येऊन गेले. कुत्र्याबद्दल त्यांची तक्रार नाही. माझा काही बंदोबस्त होतो का, असं शालनला विचारत होते. तिने मला सांगितलं, तो झोपेपर्यंत बाहेरच थांबा.

जिन्यात बसून लिहितोय. इथे वारा चांगला येतो.