बोगनवेलीला पाणी घातल्याबद्दल

आदरणीय विहीणबाई यांस,

व्याह्यांचा नमस्कार. नमस्कार रागातच केलेला आहे, पण दोन्ही हात जोडून केलेला आहे, हे ध्यानात घ्यावं. आपला गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी जिना चढू नका म्हणून सांगितलेलं असताना आपण रोज गच्चीवर झाडं बघायला जाता, असं कानावर आलं. जाऊ नका. (आपण ऐकणार नाही, हे ठाऊक आहे. तरी सांगितलं. सांगत सुटणं हा माझा दोष आहे, असं हल्ली सगळ्यांचंच मत झालेलं आहे.) माझ्या तब्येतीची चौकशी आपण केलेली नाही, म्हणून मीच कळवतो. रक्तदाब चढला आहे, अन्नावरची वासना उडाली आहे, आणि या दोन्हींना आपण भेट म्हणून पाठवलेली बोगनवेल जबाबदार आहे.

सूनबाई, म्हणजे आपली लेक, ते झुडूप कुंडीसकट मांडीवर घेऊन आपल्याकडून आली, तेव्हा सोबत आपला निरोपही घेऊन आली. माती पार कोरडी झाल्याशिवाय पाणी घालायचं नाही, दिवसभर ऊन लागू द्यायचं, उगाच लाड करायचे नाहीत. बस. आपण जन्मभर इस्पितळात मेट्रन होतात, तेव्हा हे मी समजू शकतो. भेटायची वेळ संपली की भल्याभल्या नातेवाइकांना वॉर्डाबाहेर काढणारी बाई झाडालाही तोच नियम लावणार. पण मी कोण, याचा विचार केलात? मी पाणीपुरवठा खात्यातला माणूस. उभी हयात व्हॉल्व्ह उघडण्यात आणि बंद करण्यात गेली. माझ्या भागात नळ गेला की इथे माझ्या घशाला कोरड पडायची. अशा माणसाच्या घरात एक तहानलेलं झाड आणून ठेवायचं आणि वर त्याला पाणी घालू नका म्हणायचं, म्हणजे मांजराला दुधाच्या राखणीला बसवण्यातला प्रकार झाला. दोष मांजराचा की बसवणाऱ्याचा?

तर मी पाणी घातलं. लपवत नाही. (तेव्हा लपवलं. सूनबाई कामावर गेली की घालायचो आणि तांब्या पुसून जागेवर ठेवायचो.) आधी तर ते असं काही माजलं की विचारू नका. हातभर फांद्या, तळहाताएवढी पानं, आणि काटे तर असे की दोन सदरे फाटले. फूल मात्र औषधाला नाही. मला वाटलं, उन्हाने कोमेजत असेल बिचारं, म्हणून कुंडी ओढत न्हाणीघराच्या सावलीला नेली. संध्याकाळी सूनबाईने ती परत गॅलरीच्या कठड्याशी नेली. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा आत, ती पुन्हा बाहेर. तोंडाने कोणी काही बोलत नव्हतं, फक्त कुंडी फिरत होती आणि फरशीवर ओरखडे उठत होते. मग पानं पिवळी पडून गळायला लागली. आता पिवळं पान म्हणजे तहान, हे कुणीही सांगेल. मी पाणी वाढवलं. पानं आणखी गळली. मी आणखी वाढवलं. मुळं कुजायला लागली की झाड तहानेल्यासारखंच दिसतं, हे आपण निरोपात कळवलं होतं का? नव्हतं. मग आता मला कशाला बोल?

या सगळ्याला वाचा फोडली ती आमच्या खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने. त्याने कुणा नवरदेवाचा पांढरा कोट इस्त्री करून आपल्या गॅलरीत टांगला होता, आणि आमच्या कुंडीखालची ताटली भरून मातकट पाणी थेट त्या कोटाच्या खांद्यावर टपकत होतं. तो माणूस कोट दोन्ही हातांवर आडवा धरून वर आला, अगदी अपघातात सापडलेलं कोणी उचलून आणावं तसा. मी कानांवर हात ठेवले. सूनबाईने कुंडीत बोट घातलं, तर हात मनगटापर्यंत चिखलात गेला. नंतर तिने तो कोट स्वतः धुऊन दिला, डाग गेला, शिंपी गेला, आणि मग ती माझ्याकडे वळली.

तिचं बोलणं जसंच्या तसं देतो, म्हणजे मी वाढवून सांगितलं असं होणार नाही. ‘‘बाबा, त्या झाडाला जरा श्वास घेऊ द्या. आणि मलाही.’’ माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हिला काय केलं? ती यायच्या वेळेला दारात उभा राहतो, यात काय वाईट? आभाळ भरलं असेल तर छत्री घे म्हणतो. डबा संपवलास का, एवढं विचारतो. तिच्या कचेरीत एकदाच फोन केला होता. (दोनदा.) ती फोन उचलत नव्हती म्हणून साहेबांना फोनवर बोलावलं आणि तिने जेवण केलं का ते बघायला सांगितलं. आता त्या साहेबाने भर बैठकीत सगळ्यांसमोर, ‘‘मॅडम, सासरे विचारतायत, जेवलात का?’’ असं विचारलं, तर तो त्याचा आगाऊपणा. त्यात माझा काय गुन्हा? आमची ही होती तेव्हा म्हणायची, की तुम्ही माणसं तहानली आहेत का ते बघत नाही, नुसता व्हॉल्व्ह उघडता. तेव्हाही मला राग यायचा.

त्यावर सूनबाई चार दिवस आईकडे जाते म्हणून गेली, ती अजून आपल्याकडेच आहे. चिरंजीव सुट्टीला आपल्याकडे जेवून येतात आणि मी तिचं विचारलं की मूग गिळून गप्प बसतात. काल मात्र त्यांच्याकडून कळलं, की दोघं वेगळं घर बघताहेत. एक खोली, स्वयंपाकघर आणि बिनकुंडीची गॅलरी. विहीणबाई, आपण लेकीला चांगलं वाढवलंत, याबद्दल वाद नाही. पण हे वेगळं घर आपल्याच फूस लावण्याने निघालं आहे, असा मला संशय आहे, आणि मी तो लेखी कळवत आहे. कोरडं ठेवा, लाड करू नका, हे आपलं तत्त्व. ते झाडांना ठीक असेल. इथे चिरंजीव रात्री घरी येईपर्यंत मी एकटा चार खोल्यांत फिरतो, आणि जेवलीस का असं विचारायला समोर माणूस नाही. मला वाईट वाटतं. फार वाईट वाटतं, आणि वाईट वाटलं की मला दुसरं काही जमत नाही, राग येतो.

सूनबाई गेली त्या दिवशी अशाच रागात मी त्या बोगनवेलीला सांगितलं, मरायचं तर मर. तेव्हापासून तांब्याला हात लावलेला नाही. गॅलरीचं दार लावून घेतलं आणि पाठ करून बसलो. आपल्याला हेच हवं होतं ना? मग घ्या.

लिहिण्यात कमीजास्त झालं असेल तर ते मुद्दामच झालं आहे. बाकी आपण वडीलधाऱ्या.

आपला (अजून तरी) व्याही

ता. क. आज कपडे वाळत घालायला नाइलाजाने गॅलरीचं दार उघडलं. ती निर्लज्ज बया फुलली आहे. पानं थोडकीच, पण फांदीफांदीला गुलाबी रंग. रंगीत असतात ती पानंच, खरं फूल आत इवलंसं पांढरं असतं, असं सूनबाई सांगायची. मी वाकून पाहिलं. काटा लागला, पण आहे. शिंपीसुद्धा खालून मान वर करून बघत होता. मला इतका संताप आला की तिथेच स्टूल घेऊन बसलो आणि दुपारपर्यंत उठलो नाही. पाणी घातलेलं नाही. आपल्या गळ्याची शपथ.

पुन्हा ता. क. हे पत्र सूनबाईला दाखवू नये. (आपल्या विसराळूपणामुळे टेबलावर उघडं राहिलं, तर मी दोष देणार नाही.) तिला एवढं सांगावं, की फुलं फार दिवस टिकत नाहीत म्हणतात, तेव्हा बघायची असतील तर येऊन बघावीत. किल्ली तिच्याकडे आहेच. कधी येणार, किती दिवस राहणार, हे मी विचारणार नाही. दारातही उभा राहणार नाही. गॅलरीत असेन. गॅलरीतून रस्ता दिसतो, त्याला माझा इलाज नाही.

अगदी शेवटचं. ती निघाली की आपण मला गुपचूप एक फोन करावा, आणि ती जेवून निघाली आहे का, तेवढं सांगावं. तिला कळू देऊ नये.