चार वर्षांचा नवशिका

३ जुलै
गाड्यांच्या कारखान्यातल्या पेंट शॉपमधून काढल्याला महिना. आज सलीमबरोबर रोजगार कार्यालयात. तो माझ्याच पाळीतला, माझ्याबरोबरच काढलेला. बाई मान वर न करता म्हणाल्या, "दहावी नापास. अनुभव?" "चार वर्षं गाड्या रंगवल्या, मॅडम." "बरं. बसा तिकडे, बाकीचेही बसलेत." बसायची सोय उत्तम आहे.

७ जुलै
दादा जेवताना बोलला, दसऱ्यापर्यंत नोकरी नाही लागली तर गावी जायचं. खडकीचं क्वार्टर त्याच्या नावावर, तोंडही त्याचंच. वहिनीने भाकरी जोरात थापली.

१९ जुलै
कर्वेनगरला सरकारी कोर्स, फुकट. आजचा विषय, मुलाखतीत कसं बसावं. सर म्हणाले, "चेहऱ्यावर स्माइल पाहिजे." सलीम म्हणाला, "होतं की सर. आम्हाला काढलं तेव्हा मॅनेजरच्या चेहऱ्यावर."

५ ऑगस्ट
रोजगार मेळावा. निघालो वेळेत, पण वाटेत मार्केट यार्डला उतरलो. झेंडूचा लिलाव चालू होता, बघत राहिलो. काय कारण होतं? काहीच नाही. पोचलो तर टेबलं आवरत होते.
सलीमला मिळाली. कुठे, तर आपल्याच कंपनीत! तोच रंगाचा बूथ, तीच फवारायची गन. फक्त कंत्राटदाराकडून, सरकारी योजनेतला शिकाऊ म्हणून. पगार निम्मा.
सलीम म्हणाला, "अनुभव सांगायचा नाही. योजनेत नवशिकेच घेतात. मी सांगितलं, घरी होतो."
"चार वर्षं?"
"मग? घरी कधी होतो ते बायकोला विचार."

१४ ऑगस्ट
सलीम भेटला. जुन्या सुपरवायझरने पहिल्या दिवशी विचारलं म्हणे, "नवीन का रे?" सलीम म्हणाला, "हो साहेब." मग साहेबांनी त्याला गन कशी धरायची ते दाखवलं. दोघांपैकी कोणीच हसलं नाही. सांगताना सलीमही नाही. मी हसलो, तर म्हणाला, "तू ये मग. बघू."

२१ ऑगस्ट
रोजगार कार्यालयातल्या बाईंनी बोलावलं. सलीम लागला तिथेच अजून एक जागा आहे. पेन उघडून म्हणाल्या, "अनुभव काही नाही, असंच लिहू ना?" त्यांना सगळं माहीत आहे. चार वर्षं लिहिली तर योजनेत बसत नाही. नाही लिहिली तर सोमवारी गेटवर.
म्हटलं, चहा पिऊन येतो.
"अहो, लवकर या. मागे रांग आहे."
समोरच्या टपरीवर बसून हे लिहितोय. इथून त्यांची खिडकी दिसते. दुसरा चहा सांगितलाय.