धक्क्यावरून पडलेलं काळं व्हायोलिन

केप ब्रेटन,
ऑगस्टचा शेवटचा रविवार

प्रिय सेडीताई,

लॉकीचा वाकून नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे फार वाकता आलं नाही, समजून घे). तुझा गुडघा कसा आहे? कॅल्गरीच्या कोरड्या हवेत तो बरा राहतो म्हणतेस, पण तसल्याच हवेत तडकलेली व्हायोलिनं माझ्याकडे दुरुस्तीला येतात, तेव्हा तूही जपून राहा. तुझी भावजय मोराग मजेत आहे. मला सर्दी झाली आहे, आणि ती कशी झाली ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच सांगतो.

चाळीस वर्षं मी लाकडी व्हायोलिनं दुरुस्त करतो आहे. लाकूड थंडीत आकसतं, धुक्यात फुगतं, शेगडीजवळ ठेवलं तर रुसतं. त्याला माणसासारखं सगळं होतं, म्हणून तर आमची चूल पेटते. अशात माझी धर्मकन्या फ्लोरा (जिला मी स्वतः गज धरायला शिकवलं) हिने गेल्या वर्षी कार्बन फायबरचं व्हायोलिन आणलं. काळंकुट्ट, गुळगुळीत. ज्याच्या शर्यतीच्या सायकली करतात, त्याचं व्हायोलिन! मी त्याला मासे ठेवायचा डबा म्हणालो. तेव्हापासून मी फ्लोराशी बोलत होतो, पण त्याच्याशी नाही.

मागच्या शनिवारी तिचं लग्न झालं, बंदराच्या धक्क्यावर. नवरी येताना मी वाजवायचं ठरलं होतं. धुकं असं, की फादर रॉडी कुठे संपतात आणि समुद्र कुठे सुरू होतो ते कळेना. माझ्या व्हायोलिनच्या खुंट्या फुगून घट्ट बसलेल्या. सूर लावायला जरा जोर केला, तर खुंटीच मोडून हातात आली. सगळे थांबले. शेवटी फ्लोराच पांढरा झगा गुडघ्यापर्यंत उचलून आली आणि तो काळा डबा माझ्यापुढे धरून म्हणाली, “घ्या काका, आणि आता नाटकं नकोत. नवरा ताटकळलाय माझा!”

मी तो दोन बोटांनी धरला, मेलेल्या माशाची शेपटी धरावी तसा. आणि तो निसटला. धक्क्यावरून थेट पाण्यात. सगळ्यांना वाटलं मी मुद्दाम टाकला (ताई, शपथेवर सांगतो, मुद्दाम नाही. निदान पूर्ण मुद्दाम नाही). फ्लोरा रडायला लागली, व्हायोलिन उताणं तरंगत न्यूफाउंडलंडच्या दिशेने निघालं, आणि मी, वय वर्षं अडुसष्ट, एकुलत्या एका सुटात पाण्यात उतरलो.

छातीभर पाण्यातून ते घेऊन आलो, उलटं केलं, तर आतून आधी समुद्र निघाला आणि मग नखाएवढी कोळंबी. “बाप्तिस्मा झाला त्याचा,” फादर रॉडी म्हणाले, “आता वाजव.” गज फ्लोराच्या हातात कोरडा होता. फादरांच्या रुमालाने तारा पुसल्या, दोन खुंट्या जराशा फिरवल्या आणि वाजवलं. एवढं बुडूनही कुठे फुगणं नाही, रुसणं नाही. आवाज असा खणखणीत, की धुक्यातल्या होड्यांनी भोंगे वाजवून दाद दिली. संध्याकाळपर्यंत लोक नाचत होते, मी ओल्या बुटांत वाजवत होतो. गोडवा मात्र लाकडाचाच, हे मी फ्लोराला बजावून सांगितलं (तिसऱ्या तासाला, वाजवता वाजवता).

परिणाम असा, की या आठवड्यात चार जण काळं व्हायोलिन कुठे मिळतं म्हणून विचारायला आले, एक शाळेच्या बाई आणि तीन कोळी. चौघांना मी तासतासभर लाकडाची थोरवी सांगितली. चौघांनी मान डोलावून ऐकली आणि काळंच मागवलं. फादर म्हणतात, “लॉकी, तू डॉक्टर. जो आजारीच पडत नाही, तो तुला आवडणार कसा?” त्यांना काय म्हणायचं ते म्हणोत, मी लाकडाचा माणूस आहे आणि तसाच राहणार.

भाऊजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
लॉकी

ता. क. : एक बारीकसं काम आहे. पाचवंही एक काळं व्हायोलिन आलंय. मोरागने खोकं पाहिलं, तेव्हा मी ते सेडीताईचं आहे म्हणालो, या वयात तिला शिकायची हौस आलीय. तर ताई, तू व्हायोलिन शिकते आहेस. मोराग फोन करील, विसरू नकोस.

ता. क. दुसरा : वन्सं, मी मोराग. पाकिटावर तिकीट लावायचं काम ह्यांनी माझ्यावरच सोपवलं. तुम्हा दोघांचे भाऊ, ह्यूई भावजी, वारल्यापासून हे कुणी बोलावलं तर वाजवायचे, पण घरात तीन वर्षं गज हातात घेतला नव्हता. आता रोज सकाळी गोठ्यातून सूर येतात, आणि मी दूध काढायला मुद्दाम उशिरा जाते. पुढच्या रविवारी फोन करते. हे शेजारीच बसून ऐकतील, तेव्हा तेवढं खोटं जरा झोकात बोला.