इन्साफसाठी सहा होले

बुधवार, ३ एप्रिल

शी! त्या रिफाईनं मला खेळणं दाखवलं. लाल दस्त्याचं!

दसूकच्या बाजारात छऱ्याच्या बंदुका विकणारा हा एकटाच, म्हणून एवढा माज. भोपळ्याच्या बिया चावत बसतो आणि टरफलं गिऱ्हाइकाच्या बाजूला थुंकतो. मी म्हटलं, हलकी हवी, खिशाला परवडणारी हवी आणि होला पाडण्याइतका जोर हवा. त्यानं आधी माझ्या डाव्या हाताकडे बघून घेतलं. मग म्हणाला, "हाजी, हीच न्या. तुम्ही कंटाळलात की नातू खेळेल!" आणि परत एक टरफल.

वर दुर्बीण बसवून देतो म्हणे. दुर्बीण! चाळीस वर्षं याच दोन डोळ्यांनी होले पाडले मी. तडक उठून आलो. बाहेर येईपर्यंत पाय तीनदा अडखळला. ते सगळं त्यानं बघितलं असणारच.

गुरुवार, ४ एप्रिल

दार लावून जुनी बंदूक उचलून पाहिली. चार किलोची आहे. दस्ता खांद्याला लागतो, पण डावा हात नळीखाली तग धरत नाही. नळी अशी डुगडुगते की समोर बैल उभा असला तरी चुकेल. ठेवताना आपटली.

तफीदा बाहेरून ओरडली, "हाजी, काय मोडलंत?"

"तुझं कपाळ!" म्हणालो. बायकोशी असं बोलू नये. पण अंगावरून वारं गेल्यापासून हे असं सुटतं तोंडातून. सहा महिने झाले.

शनिवार, ६ एप्रिल

वजीह आला होता, आमचा जावई. अंगाला असलं अत्तर फासतो की गोठ्यातली म्हैस शिंकते. येताना सोसायटीच्या दुकानातली बर्फातली कोंबडी घेऊन आला. दगडासारखी, पिवळट, पिशवीत लालसर पाणी साचलेलं. म्हणाला, "मामा, इन्साफच्या बाळंतपणाला अशा दहा भरून ठेवतो. तुम्ही कशाला त्रास घेता?"

मला ओकारीच आली.

आमच्याकडे बाळंतिणीला सातव्या दिवशी रानातल्या होल्यांचं सूप देतात, आणि ते होले बापानं आणायचे असतात. माझ्या बापानं माझ्या बहिणींना आणले. मी थोरलीला आणले, मधलीला आणले. आता धाकटी इन्साफ. तिचं दोनदा पोटातच गेलं. तिसऱ्यांदा सातवा लागलाय, आठवा लागलाय, म्हणून बोटं मोजत आलो आणि आता पुढच्या महिन्यात दिवस भरतात. आणि तिच्याच वाट्याला ही पिवळी कोंबडी? का, तर बापाचा हात मेला म्हणून?

सहा होले लागतात. त्याहून कमीत भागत नाही.

मंगळवार, ९ एप्रिल

मेतवल्लीकडे गेलो. शिकारीतला जुना सोबती. त्याच्या भावाची बंदूक विकायला आहे म्हणाला, "पिसासारखी हलकी रे भावा!" हलकी खरी. पण आतली स्प्रिंग मेलेली, कुणीतरी कापून बारकी केलेली. छरा पंधरा पावलांवरच्या पत्र्याला लागून खाली पडला. पत्र्याला साधा पोचा नाही. वर जळक्या तेलाचा वास, कारण नळीत हा माणूस स्वयंपाकाचं तेल घालतो!

म्हटलं, यानं होल्याला गुदगुल्या होतील.

तर म्हणतो, "मग जवळून डोक्यात मार. लगेच मरतो."

मी विचारलं, आणि सुरी? "चाप ओढताना बिस्मिल्लाह म्हटलं की झालं. उगाच मशिदीतला शेख होऊ नकोस."

हेच मला खपत नाही. छऱ्यानं मेलेला पक्षी म्हणजे मेलेलं जनावर, कुत्र्याला घालायचं. म्हणून मी पंखावर मारतो. होला जिवंत पडतो, मी धावतो आणि श्वास चालू असताना अल्लाहचं नाव घेऊन सुरी फिरवतो. रक्त वाहिलं की तो खाण्याजोगा. मेतवल्लीला हे चाळीस वर्षं सांगतोय. तो नुसता हसतो. थोरलीच्या वेळच्या त्या सकाळची आठवण काढतो आणि हसतो. मी एका सकाळी नऊ होले आणले होते, तेव्हा तो बरोबर होता. त्याचे ते किडके दात बघवत नाहीत.

सोमवार, १५ एप्रिल

वसंताचा सण. सगळं गाव कालव्याच्या काठी बसून तो कुजवलेला खारा मासा खातंय. वास वाऱ्यावर. मीही खाल्ला, नाही कशाला म्हणू? कांद्याबरोबर बरा लागतो. पण आज किळस माशाची नाही आली.

मेतवल्लीच्या झोळीत अकरा गायबगळे होते. पिसं काढलेले, माना-पाय तोडलेले. म्हणाला, दसूकला कबुतर म्हणून खपतात. गायबगळा! जो दिवसभर आमच्या नांगरामागं किडे वेचत फिरतो! मी विचारलं, सुरी तरी फिरवलीस? तो म्हणाला, "मान तर तोडलीच की. आधी काय, नंतर काय?"

त्याच्या सतरंजीवरून उठलो. त्याचा चहासुद्धा नको मला.

शनिवार, २० एप्रिल

परत रिफाईकडे. नाक मुठीत धरून.

या वेळी मीच विचारत गेलो. वजन? नळी बिजागरीवर मोडून हवा भरायला किती जोर लागतो? लाकडी दस्ता की प्लॅस्टिकचा? बारीक छरा की जाड? त्यानं पाच बंदुका काढल्या. पहिली मस्त, पण जुनीइतकीच जड. दुसरी हलकी, पण तिची नळी मोडायला दोन धडधाकट हात हवेत. तिसरी पंपाची, दहा वेळा दाबायची. चौथ्या दाबाला माझा दंड थरथरायला लागला. चौथी छान होती. हलकी, मऊ, जोरदार. किंमत ऐकून परत ठेवली. तेवढ्यात म्हशीचं रेडकू येईल.

पाचवी आतल्या खोलीतून आणली. बारीक नळीची, दोन किलोच्या थोडी वर. दस्ता मांडीखाली दाबला की नळी एका उजव्या हातानं मोडता येते. डाव्या कोपराच्या खोबणीत टेकवली तर हलत नाही! जोर बेताचा, वीस पावलांपर्यंतच खरा. पण मला होला फाडायचा थोडाच आहे? पंख मोडला की पुरे.

"बायकांसाठी म्हणून आली होती," रिफाई म्हणाला. वर दात काढून.

हसू दे. जुनी बंदूक बदल्यात दिली आणि वर थोडे पैसे. जुनी त्यानं भिंतीला टांगली. चाळीस वर्षांची बंदूक, आणि लगेच खाली चिठ्ठी लावली, 'वापरलेली'. मी दुकानाबाहेर येऊन थुंकलो. मग रडूच आलं. खोटं कशाला लिहू? पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कालव्याची पातळी लिहिली मी. पट्टीवर दिसेल तोच आकडा. एकदाही खोटा नाही.

बुधवार, २४ एप्रिल

वीस पावलांवर टोमॅटोच्या डब्याला सहातले पाच! तुतीच्या फांदीच्या बेचक्यात नळी टेकवली तर सहाच्या सहा. तफीदा कपडे वाळत घालता घालता बघत होती. "डबा मेला वाटतं," म्हणाली. हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

मग म्हणाली, "हाजी, छपरावर माझी कबुतरं आहेत की. चांगली धष्टपुष्ट. सहा त्यातली काढू."

म्हटलं, तुझी कबुतरं म्हणजे घरबसलं आयतं. बाळंतिणीला रानातला होला लागतो, बापाच्या हातचा. आता बंदूक आहे ना!

ती उरलेले कपडे वाळत घालायला लागली.

शनिवार, ४ मे

गव्हाची कापणी सुरू. खळ्यांवर होले उतरायला लागले.

शनिवार, ११ मे

मुलगा! पहाटे. जिवंत. रडतोय, चांगला जोरात रडतोय. इन्साफ ठीक आहे. अल्लाह!

वजीहनं सगळ्या दवाखान्याला सरबत पाजलं. आज त्याचं अत्तरही चाललं.

गुरुवार, १६ मे

उद्या सातवा दिवस. सकाळी खळ्यावर गेलो, एकटा. तुतीखाली बसलो. बंदूक झकास, तिला दोष नाही. पहिला होला पंधरा पावलांवर, पंखाला लागला, फडफडत पडला. उठलो.

आणि तिथंच कळलं.

मी हातासाठी बंदूक निवडली. महिनाभर हात, हात, हात. वजन, दस्ता, नळी. पायाचा विचारच केला नाही! पंधरा पावलं. पूर्वी चार उड्यांत झाली असती. आज डावा पाय सऱ्यांत अडकतो, नांगराच्या तासात अडकतो, मी पडतो, उठतो. पहिल्यापर्यंत कसाबसा पोचलो, सुरी फिरवली, रक्त आलं. अल्हम्दुलिल्लाह.

दुसरा उडायची धडपड करत लांब गेला. मी पोचलो तेव्हा डोळे मिटलेले. तिसराही. मग मी जवळून मारले, म्हणजे कमी चालावं लागेल. जवळून छरा छातीत गेला. चौथा. पाचवा. सहावा.

उन्हात बसलो. समोर सहा होले, एक हलाल, पाच मढी. सातवा दिवस उद्या. खळ्यावर दुसरं कुणी नव्हतं.

सुरी काढली. पाचांच्याही मानेवरून फिरवली. बिस्मिल्लाहही म्हटलं! मेलेल्या पक्ष्याला! एकाच्याही मानेतून थेंब आला नाही. तुतीच्या पानांत गुंडाळून घरी आणले आणि तफीदाच्या हातात दिले. "सहा," म्हणालो. तिनं पानं उघडून बघितली, मिटली. "बरं," म्हणाली.

मेतवल्लीच्या सतरंजीवरून उठणारा मी. थू माझ्यावर.

शुक्रवार, १७ मे

सातव्याच्या रीतीला घर भरलं. बाळाला चाळणीत ठेवून हलवलं, खलबत्ता बडवला, मीठ उधळलं. आजीचं ऐक, बापाचं ऐकू नको, असं बायका बाळाच्या कानाशी ओरडत होत्या. वजीह हसत होता.

इन्साफपुढं सूप आलं. एक घोट घेतला तिनं आणि माझ्याकडे बघितलं. "बाबा, ही तुमच्याच हातची चव. ताई सांगायची तशीच."

मी दारात उभा होतो. सांगावं असं वाटलं. वाडगा तिच्या हातातून हिसकून घ्यावा असं वाटलं. तिनं सगळं संपवलं. तळाचं बोटानं पुसून खाल्लं. मी बापच नव्हे. मी बगळेवाला.

नातवाला मांडीवर दिलं तर घेतलं नाही. "हात थरथरतो," म्हणालो.

शनिवार, १८ मे

झोप नाही. जेवण नाही. तफीदा विचारते, काय झालं? काही नाही.

बंदूक फडक्यात गुंडाळून माळ्यावर टाकली. छपरावर कबुतरं कमी दिसतात. मांजर असणार. असू दे, सगळी खाऊ दे.

मंगळवार, २१ मे

सांगितलं. तफीदापुढं सगळं ओकलो. ती तांदूळ निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "माहीत आहे. पाचांच्या मानेच्या पिसांना रक्ताचा डाग नव्हता. कालव्यात टाकले. इन्साफनं एक तुमचा होला आणि माझी पाच कबुतरं खाल्ली."

मी तिचे हात धरायला गेलो. ती पुढं म्हणाली, "थोरलीच्या वेळीही चार टाकले होते, माझी कबुतरं घातली होती. तेव्हा तर तुम्हाला धावता येत होतं, हाजी."

त्या सकाळचं मी कुठल्याच वहीत लिहिलेलं नाही. नवातले चार मेल्यावरच सुरी फिरवलेले. पाय धड होते. ऊन वाढलं होतं आणि धावायचा कंटाळा आला होता.