वरच्या मजल्यावरच्या नायकाची तजवीज

मी, मृत्युपत्र करणारी, निवृत्त नटी, लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे आणि स्मरणशक्ती, कोणाला गैरसोयीची वाटली तरी, शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही. भाच्याने आणून पाहिला, पण त्याला ते जमले नाही.

कलम १. आधी नाटक, कारण हे घर त्यातूनच उभे राहिले. एका जुन्या फ्रेंच पद्यनाटकाच्या आपल्या भाषेतल्या रूपांतरात मी नायिका होते. त्यात मोठ्या नाकाचा कवी दुसऱ्याच्या नावाने तिच्यावर प्रेम करतो आणि ती शहाणी शेवटच्या अंकापर्यंत त्याचा आवाज ओळखत नाही. कवी झालेल्या आमच्या नटाला सगळी नाटक कंपनी ‘नाकवाले’ म्हणायची. नाटकाची संहिता नाट्यगृहाच्या वाचनालयाला द्यावी. समासात मी नायिकेला घातलेल्या शिव्या खोडू नयेत.

कलम २. पलंगावरची निळी चादर भाचीला द्यावी. शेवटच्या अंकात नायिका भरतकाम करत बसते आणि कवी तिच्यासमोर मरतो. टाळ्या वाढल्या तसे नाकवाल्यांचे मरण लांबत गेले. नुसती सुई हलवून मी कंटाळले आणि खरेच भरू लागले. ती अख्खी चादर त्यांच्या मरणात भरली आहे. भाचीने याच नाटकावरून निघालेल्या मालिकेत काम केले. त्यात सगळे फोनवरच्या निरोपांत चालते आणि नायिका दुसऱ्याच भागात खरा माणूस ओळखते. प्रेक्षकांनी तक्रारी केल्या. मला मात्र पोरीचा अभिमान वाटला.

कलम ३. सिनेमावाल्यांनी नाकच काढून टाकले, कारण त्यांच्या हिरोला चेहरा झाकायचा नव्हता. मग इतका देखणा गडी अंधारात लपून का बोलतो, हे शेवटपर्यंत कोणाला कळले नाही. मला त्यात नायिकेच्या आजीचे काम मिळाले आणि वर एक ट्रॉफी. ती भाच्याला द्यावी. त्याच्या घराचे दार वाऱ्याने आपटते.

कलम ४. हे घर भाच्याला मिळेल. मात्र कंपनी बंद पडल्यापासून वरच्या खोलीत नाकवाले राहतात, आणि ती खोली ते हयात असेपर्यंत त्यांचीच राहील. भाचा विचारतो, “आत्या, हे तुझे लागतात तरी कोण?” प्रश्न रास्त आहे, म्हणून मी त्याच्यावर ओरडले. भाच्याने खोलीसाठी धीर धरावा. नाकवाल्यांना मरायला वेळ लागतो, हे लोकांनी तिकीट काढून पाहिले आहे.

कलम ५. या माणसाने भरल्या थिएटरात रोज माझ्यावर प्रेम केले, तेही यमक जुळवून. नाक उतरवले की ते माझ्या खोकल्याची चौकशी करतात, गळका नळ दुरुस्त करतात आणि मुकाट्याने वर जातात. लोक म्हणतात, बाई, समजून घ्या. मी का समजून घेऊ? न ओळखण्याचे काम मी पगार घेऊन केले, आता ओळखण्याचे फुकट करणार नाही. मला ते त्यांच्याच शब्दांत ऐकायचे आहे. त्यांच्याशिवाय मला करमत नाही, हे माझ्या बाजूने इथे लेखी देते. आमच्या वकीलबाई सांगतात की यानंतर लग्न झाले तर इथल्या कायद्याने हे मृत्युपत्र आपोआप रद्द होते. मी मान डोलावली.

पुरवणी. आज सह्यांसाठी साक्षीदार जमले, शेजारच्या शिंपीणबाई आणि नाट्यगृहाचे जुने तिकीटविक्रेते. माणसांचा आवाज ऐकून नाकवाले खाली आले. म्हणाले, “मलाही साक्षीदार करा की.” वकीलबाई म्हणाल्या, “तुमचं नाव आत आहे, तुम्हाला नाही होता येणार.” मग नाकवाल्यांनी सगळे वाचायला लावले. चौथ्या कलमाला ते खो खो हसले. पाचव्याला खाली बसले. मग छातीवर हात ठेवून त्यांनी नाटकातल्या गच्चीखालच्या प्रवेशातले प्रेमाचे पद्य सुरू केले.

मी म्हटले, “ते नको. ते मला पाठ आहे.”

त्यांनी छातीवरचा हात खाली घेतला. साक्षीदार भिंतीकडे बघू लागले. मग नाकवाले म्हणाले, “बाई, चहा टाकता का? मला जरा वेळ लागेल. आणि या सगळ्यांना घरी जाऊ द्या.”

साक्षीदार: दोघेही घरी गेले.
ठिकाण: माझे स्वयंपाकघर.
दिनांक: पुढे पाहू.
सही: आज नाही.